'कमावणे' : एका क्रियापदाचा सामाजिक इतिहास

१. प्रास्ताविक

दिल्लीत भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात एकदा एक साधे इंग्रजी वाक्य समोर आले. दिवसभर राबलेल्या एका वृद्ध स्त्रीने आपली विश्रांती 'अर्न' केली आहे, एवढाच त्या वाक्याचा आशय. हिंदीभाषक विद्यार्थ्याने तत्काळ 'कमाया' हे क्रियापद योजले आणि लगेच तो स्वतःच थबकला. मराठीभाषक विद्यार्थिनीने 'विश्रांती कमावली' आणि 'विश्रांती मिळवली' असे दोन्ही प्रयोग करून पाहिले आणि दोन्ही खोडले. अखेरीस तिने 'आता विश्रांतीवर तिचा हक्क आहे' असे लिहिले. इंग्रजी क्रियापदाच्या जागी मराठीत 'हक्क' हे नाम आले, आणि ते योग्यच होते.

कोशात पाहिले तर 'अर्न' या क्रियापदाला 'कमावणे', 'मिळवणे', 'अर्जित करणे', 'संपादणे' असे पर्याय सहज आढळतात. पर्यायांची ही विपुलता काहीशी फसवी आहे. इंग्रजी क्रियापदाचा एकेक अंश यांपैकी एकेका शब्दात उतरतो, संपूर्ण क्रियापद मात्र एकाही शब्दात उतरत नाही. उलटपक्षी 'कमावणे' या मराठी शब्दात असा एक अर्थ आहे, की जो इंग्रजी क्रियापदात मुळीच नाही. प्रस्तुत निबंधात या दोन क्रियापदांच्या भेटीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न आहे. हा इतिहास शब्दांपुरता मर्यादित राहत नाही. कोणाच्या श्रमाला 'कमाई' म्हणावयाचे आणि कोणाच्या श्रमाला म्हणावयाचे नाही, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहे.

२. इंग्रजी क्रियापदातील दोन अर्थ

'अर्न' हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील 'अर्निअन' या रूपातून आले. जर्मन भाषेतील 'एर्न्टे' म्हणजे सुगी, हा शब्द याच कुळातला मानला जातो. शेतात राबावे आणि पीक हाती यावे, या अनुभवाशी या कुळाचा संबंध आहे. श्रमाचे फळ हाती येणे आणि त्या फळास पात्र ठरणे हे दोन्ही अर्थ इंग्रजी क्रियापदात फार पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत. म्हणूनच त्या भाषेत पगार 'अर्न' करता येतो, तसाच आदर आणि विश्रांतीही 'अर्न' करता येते. बँकेत ठेवलेली रक्कमदेखील व्याज 'अर्न' करते. या तिसऱ्या प्रयोगात श्रम कोठेच नाहीत. आशय केवळ प्राप्तीचा आहे.

या द्वैताचा उपयोग एकोणिसाव्या शतकातील अर्थशास्त्राने करून घेतला. जमीनमालकाने काहीही न करता केवळ समाजाच्या वाढीमुळे जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीला जॉन स्टुअर्ट मिल यांच्या विचारपरंपरेने 'अनर्जित वाढ' म्हटले. या संज्ञेत नैतिक निवाडा अंतर्भूत आहे: पैसा हाती आला, पण त्यावर अधिकार सिद्ध झाला नाही. मिळणे आणि पात्र असणे यांची एरवीची सांगड येथे मुद्दाम सोडवली आहे.

इतर भाषांत ही सांगड निरनिराळ्या मार्गांनी घातली गेली. जर्मन 'फेर्डीनेन' हे क्रियापद सेवावाचक धातूपासून आले असून, त्यातही कमाई आणि पात्रता असे दोन्ही अर्थ आहेत. फ्रेंच 'गान्ये' या शब्दाच्या मुळाशी चारा अथवा अन्न शोधत हिंडण्याची कल्पना असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आज त्या शब्दाचा अर्थ कमावणे आणि जिंकणे असा दुहेरी आहे. म्हणजे एका भाषेने सुगीचा अनुभव घेतला, दुसरीने सेवेचा, तिसरीने शोधाचा. मराठीने काय घेतले, हे आता पाहू.

३. मराठीतील शब्दकुल

मराठीत प्राप्तीची क्रिया सांगणारे किमान पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

'मिळवणे' हे 'मिळणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप. जे आपणहून येऊन भेटते ते भेटेल असे करणे, हा त्यातील मूळ भाव. 'मिळवता मुलगा' या प्रयोगात हा शब्द घरगुती आहे, तर 'स्थावर मिळकत' या प्रयोगात तो दस्तऐवजातला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 'मिळकत' या एकाच शब्दाने मराठीत येणारे उत्पन्न आणि साठलेली मालमत्ता, असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात.

'जोडणे' हा जुना मराठी शब्द. तुकारामांच्या अभंगांत धनासाठी हेच क्रियापद येते. आजही आपण 'माणसे जोडतो' आणि 'पुण्य जोडतो'. या क्रियापदात प्राप्तीबरोबर जपणूक आहे. विखुरलेले एकत्र आणणे आहे.

'अर्जन' आणि 'उपार्जन' हे शब्द संस्कृत शास्त्रग्रंथांतून आले. धर्मशास्त्राची आणि पुढे न्यायालयाची भाषा त्यांवर उभी आहे. 'संपादणे' हे क्रियापद विशेषेकरून अमूर्त वस्तूंसाठी राखलेले दिसते. विश्वास, ज्ञान, कीर्ती ही संपादन केली जाते. मजुरी कोणी संपादन करीत नाही.

पाचवा शब्द 'कमावणे'. तो 'कर्म' या संस्कृत शब्दाच्या प्राकृत 'कम्म' या रूपाशी जोडलेला आहे. 'काम' हा आपला नेहमीचा शब्दही त्याच घरचा. हिंदीत 'कमाना', गुजरातीत 'कमावुं', पंजाबीत 'कमाउणा' अशी त्याची भावंडे आहेत. गुरुवाणीत हे क्रियापद आचरणे, कृतीत आणणे या अर्थानेही येते. या कुळाचा मूळ भाव प्राप्तीचा नसून कृतीचा आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. पेशवाईतील महसुली अधिकाऱ्याचे 'कमाविसदार' हे पदनाम ऐकताच याच कुळाची आठवण होते. परंतु केवळ उच्चारसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह आवरणे बरे.

या पाचांच्या जोडीला अरबी-फारसीच्या मार्गाने आलेल्या 'कसब' या शब्दाचा उल्लेख आवश्यक आहे. अरबीत 'कस्ब' म्हणजे प्राप्ती, कमाई. मराठीत येताना मात्र त्याचा अर्थ हातातील कौशल्य असा झाला. जेथे इंग्रजी क्रियापद श्रमाकडून मोबदल्याकडे सरकले, तेथे हा शब्द मोबदल्याकडून कौशल्याकडे आला. त्याच्या स्त्रीलिंगी रूपाचे काय झाले, ते पुढे पाहावयाचे आहे.

४. कमावण्याचा जुना अर्थ

'कमावणे' या क्रियापदाचे कर्म मराठीत नेहमीच पैसा नसते. कातडे कमावले जाते. पैलवान शरीर कमावतो. गवय्याचा आवाज 'कमावलेला' असतो. या सर्व प्रयोगांत एक समान सूत्र आहे. कच्च्या वस्तूवर दीर्घकाळ श्रम करून तिला उपयोगी, टिकाऊ आणि आज्ञाधारक बनवणे म्हणजे कमावणे. श्रमाचे फळ कर्त्याच्या खिशात न जाता त्या वस्तूतच उतरते.

कातड्याचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. मेलेल्या जनावराचे कातडे तसेच राहिले तर कुजते. ते धुऊन चुन्याच्या पाण्यात भिजवावे लागते, त्यावरील केस आणि मांस खरवडून काढावे लागते आणि मग बाभळीची साल, हिरडा यांच्या अर्कात अनेक दिवस मुरवावे लागते. या कष्टानंतर जे हाती येते ते 'कमावलेले कातडे'. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच वनस्पतिजन्य पद्धतीने कमावण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रात हे काम जातिव्यवस्थेने ढोर समाजावर सोपवले. या क्रियेच्या बळावर साऱ्या गावाची मोट, जोडे आणि वाद्ये चालली; ती क्रिया करणाऱ्यांना मात्र गावाबाहेर ठेवण्यात आले.

दिल्लीच्या परिसरात याच क्रियापदाचा आणखी एक प्रयोग आढळतो, आणि तो मराठी अभ्यासकाला हादरवून टाकणारा आहे. उत्तर भारतात हाताने मैला साफ करण्याच्या कामाला 'पाखाना कमाना' असे म्हटले जात असे. शासकीय हिंदीतही कोरड्या संडासाला 'कमाऊ शौचालय' अशी संज्ञा आहे. 'कमाऊ पूत' म्हणजे घराला आधार देणारा कर्ता मुलगा, आणि 'कमाऊ शौचालय' म्हणजे ज्याची घाण दुसऱ्या माणसाने हाताने उपसावयाची असे शौचालय. विशेषण एकच. पहिल्या प्रयोगात ते गौरवाचे आहे. दुसऱ्या प्रयोगात जी व्यक्ती प्रत्यक्ष राबते ती शब्दातून नाहीशी झाली आहे आणि विशेषण वास्तूला जाऊन चिकटले आहे.

ही प्रथा बंद करण्यासाठी संसदेने १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा, अधिक व्यापक कायदा केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना या प्रथेच्या निर्मूलनाची आणि पुनर्वसनाची जबाबदारी राज्यांवर स्पष्टपणे टाकली. येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे, की 'कमावणे' या शब्दाचा श्रमवाचक अर्थ ज्यांच्या कामाला शब्दशः लागू पडत होता, त्यांनाच त्या शब्दाचा मोबदलावाचक अर्थ सर्वांत कमी लाभला.

५. बलुते : कमाई की मागणे?

हीच विसंगती महाराष्ट्राच्या गावगाड्यात बलुत्याच्या रूपाने दिसते. बलुतेदार वर्षभर गावाचे काम करी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा घेई. इंग्रजी 'अर्न'च्या कुळात जी सुगी आहे, ती येथे प्रत्यक्षच होती. तरी या वाट्याला 'कमाई' असे नाव पडले नाही. वरच्या बलुतेदारांच्या बाबतीत 'हक्क' आणि 'वतन' हे शब्द रूढ झाले. महारांच्या बाबतीत मात्र, वतन असूनही, दैनंदिन व्यवहारातील क्रियापद 'मागणे' हे होते. बलुते मागावयाचे, भाकरी मागावयाची. काम आधी झालेले असे, पण मोबदला घेताना भाषा याचनेची राही. दया पवारांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, त्यामागे ही सारी पार्श्वभूमी उभी आहे.

मुंबई इलाख्यातील वतनांचे नियमन १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने होत असे. या व्यवस्थेत महार वतनदाराला, आणि तो नसेल तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणाला, सरकारी कामासाठी केव्हाही हजर राहावे लागे. मोबदल्याचा मोठा भाग सरकारकडून वेतन म्हणून न येता इनाम जमीन आणि गावकऱ्यांनी द्यावयाचे बलुते या स्वरूपात असे. काम सरकारचे आणि दाणे देणारा गावकरी, अशी ही रचना होती. गावकऱ्याने हात आखडला तर उपाय नसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी निश्चित रोख वेतन मिळावे आणि ज्यांना वतनाच्या बंधनातून मुक्त व्हावयाचे असेल त्यांना जमिनीसह तसे होता यावे, ही त्यामागील भूमिका होती. विरोधामुळे आणि विधेयकाच्या स्वरूपात झालेल्या बदलांमुळे १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा पुढे १९५८ मध्ये झाला.

या विधेयकाकडे आर्थिक सुधारणेचा प्रयत्न म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. भाषेच्या अंगाने पाहता त्याचा आणखी एक अर्थ लागतो. तेच काम, कदाचित तेवढेच धान्य अथवा त्याच्या किमतीइतके पैसे. परंतु 'मागणे' या क्रियापदाच्या जागी 'कमावणे' हे क्रियापद आणावयाचे, हा तो प्रयत्न होता. मागणाऱ्याला नकार देता येतो. ज्याने कमावले आहे त्याला नकार देणे म्हणजे त्याचे देणे बुडवणे होय.

६. विद्याधन : कमावणारा कोण?

आतापर्यंत श्रम आणि मोबदला यांचा विचार झाला. तिसरा प्रश्न कर्त्याचा आहे. कमावणारा एकटा असतो काय?

हिंदू धर्मशास्त्राने या प्रश्नावर फार पूर्वी विचार केला आहे. विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या परिसरात, विक्रमादित्य सहावा याच्या काळी रचली गेली. वडिलोपार्जित धनाला धक्का न लावता एखाद्याने स्वतः जे अर्जित केले, ते त्याचे एकट्याचे, असे तिचे सूत्र होते. विद्येच्या बळावर मिळवलेल्या धनालाही हेच सूत्र लागू होते. प्रश्न असा, की विद्या शिकण्यासाठीच घरचा पैसा लागला असेल तर काय?

एकोणिसाव्या शतकात वकील, डॉक्टर आणि सरकारी नोकर यांचा नवा वर्ग उदयास आला, तेव्हा हा प्रश्न न्यायालयात वारंवार येऊ लागला. मद्रासेत व्ही. भाष्यम अय्यंगार यांनी १८९१ मध्ये यासंबंधी विधेयक मांडले, परंतु त्याचा कायदा होऊ शकला नाही. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकलचंद विरुद्ध हुकमचंद या खटल्यात निर्णय दिला, की इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याचे शिक्षण एकत्र कुटुंबाच्या खर्चाने झाले असल्यास त्याची प्राप्ती कुटुंबाची ठरते. पगार त्याच्या नावे येई, काम तो करी, परंतु कायद्याच्या दृष्टीने कमावणारे कुटुंब होते.

ही स्थिती बदलण्याचे श्रेय मुकुंदराव जयकर या मराठी बॅरिस्टरांकडे जाते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर त्या काळी केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते. हे विधिमंडळ हिवाळ्यात दिल्लीला, १९२७ मध्ये उघडलेल्या आणि आज 'संविधान सदन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, आणि उन्हाळ्यात सिमल्याला भरत असे. जयकरांनी पुढाकार घेतलेला हिंदू विद्याधन कायदा जुलै १९३० मध्ये अस्तित्वात आला. शिक्षण कुटुंबातील कोणी दिले अथवा कुटुंबाच्या पैशाने झाले, किंवा शिकत असताना कुटुंबाने पोसले, एवढ्याच कारणाने विद्येची प्राप्ती कुटुंबाची ठरणार नाही, असे या कायद्याने सांगितले. 'विद्या' या शब्दाची व्याख्याही त्याने विस्तृत केली. प्राथमिक शिक्षणापासून कोणत्याही धंद्याचे अथवा व्यवसायाचे प्रशिक्षण त्यात आले.

या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात 'अर्न' हे क्रियापद निर्णायक ठिकाणी योजलेले नाही. तेथे 'प्राप्त करणारा' आणि 'विद्येची प्राप्ती' अशा अर्थाच्या संज्ञा आहेत. संस्कृतातील 'अर्जित' या शब्दाशी त्या अधिक जवळच्या आहेत. मराठी दस्तऐवजांनी मात्र स्वतःचा शब्द घडवला. इंग्रजीत जिला केवळ 'स्वतः संपादन केलेली मालमत्ता' म्हणतात, तिला मराठी खरेदीखतात आणि वाटणीपत्रात 'स्वकष्टार्जित मिळकत' म्हणतात. शास्त्राच्या 'स्वार्जित' या शब्दात लेखनिकांनी 'कष्ट' घातले. अर्जनाला अधिकार प्राप्त होतो तो कष्टांमुळे, ही लोकांची समजूत त्या समासात नोंदली गेली आहे.

या बदलाची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. ज्या भावाने शेत सांभाळून धाकट्याला शिकवले, ज्या आईने दागिने विकले, त्यांचे श्रम धाकट्याच्या पगारात कायद्याच्या नजरेतून दिसेनासे झाले. व्यक्तीचा हक्क प्रस्थापित होणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु 'तो कमावतो' या वाक्यातील एकवचन हे १९३० च्या सुमारास कायद्याने निश्चित केलेले एकवचन आहे, भाषेतील स्वयंसिद्ध सत्य नव्हे.

७. स्त्रियांची कमाई

वतनांच्या कायद्याचे वर्ष १८७४ होते. त्याच वर्षी केंद्रीय पातळीवर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. विवाहित स्त्रीने नोकरीत अथवा व्यवसायात मिळवलेले वेतन आणि कमाई तिची स्वतंत्र मालमत्ता ठरेल, असे त्यात म्हटले होते. इंग्रजीतील कमाईवाचक शब्द येथे स्पष्टपणे आला आहे. परंतु विवाहसमयी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख अथवा जैन असलेल्या स्त्रियांना हा कायदा लागू नव्हता. भारतातील बहुसंख्य स्त्रिया अशा रीतीने त्या शब्दाबाहेर राहिल्या.

हिंदू स्त्रीच्या बाबतीत कात्यायनस्मृतीचे मत असे होते, की तिने शिल्पाने, म्हणजे हस्तकौशल्याने मिळवलेल्या धनावर पतीची सत्ता असते. म्हणजे कसब तिचे, श्रम तिचे, आणि स्वामित्व दुसऱ्याचे. 'कसब' या शब्दाच्या प्रवासाकडे येथे पुन्हा वळावे लागते. मराठीत पुरुष कसबी असला तर तो कुशल ठरतो. 'कसबीण' हा शब्द मात्र कलावंतिणीला अथवा वेश्येला लागतो. घराबाहेर स्वतःच्या बळावर कमावणाऱ्या स्त्रीकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहिले, याचा पुरावा व्याकरणाच्या एका प्रत्ययात साठलेला आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेवर संपूर्ण स्वामित्व दिले. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात स्वतःच्या कौशल्याने अथवा श्रमाने मिळवलेल्या मालमत्तेचा स्पष्ट उल्लेख आहे. कात्यायनाचे उत्तर येथे उलटले. आंबेडकरांनी कायदामंत्री म्हणून दिल्लीत चालवलेल्या आणि १९५१ मध्ये ज्याच्यावरून राजीनामा दिला त्या हिंदू कोड बिलाच्या प्रदीर्घ वादाचा हा एक परिणाम होता. परंतु घरातील श्रमांचा प्रश्न त्यानंतरही उरतोच. 'ती काही कमावत नाही, घरीच असते' हे वाक्य मराठीत आजही निर्धास्तपणे उच्चारले जाते. 'कमावणे' या शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहिले तर हे वाक्य चूक आहे. कच्च्या वस्तूला उपयोगी बनवण्याचे काम घरात दिवसभर चाललेले असते.

८. 'कमवा आणि शिका'

या इतिहासात एक ठिकाण असे आहे, जेथे दोन्ही अर्थ जाणीवपूर्वक पुन्हा एकत्र आणले गेले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये 'कमवा आणि शिका' या योजनेने उच्च शिक्षणात प्रवेश केला. विद्यार्थ्यांनी शेतीत, बांधकामावर आणि संस्थेच्या इतर कामांवर श्रम करावेत आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती.

याच्या आगेमागेच, १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमची चर्चा झाली, आणि तिचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे आले. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा काय, हा त्या चर्चेतील कळीचा मुद्दा होता. शाळा म्हणजे कारखाना होईल आणि मुले मजूर होतील, ही भीती टीकाकारांनी व्यक्त केली. ती निराधार नव्हती.

सातारच्या योजनेचे वेगळेपण 'कमवा' या क्रियापदात आहे. या शब्दाला येथे कर्म दिलेले नाही. काय कमवा, ते सांगितलेले नाही. फी कमवा, हा अर्थ आहेच. परंतु कमावलेले शरीर, कमावलेली जमीन यांच्या अर्थच्छटाही मराठी कानाला त्यात ऐकू येतात. शिवाय विद्याधन कायद्याने ज्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयासाठी दिले, त्याच प्रश्नाचे उत्तर ही योजना वसतिगृहात देते. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला की विद्यार्थ्याने, हा प्रश्नच येथे मिटतो, कारण विद्यार्थ्याच्या हातांनीच तो केलेला असतो. ज्यांच्या घरी एकत्र कुटुंबाचे धन असे काही नव्हतेच, अशा मुलांसाठी ही योजना होती, हेही विसरता कामा नये. ज्यांच्या आजोबांना 'मागणे' हेच क्रियापद वाट्याला आले होते, त्यांपैकी अनेकांना येथे 'कमवा' असे आज्ञार्थी, पण सन्मानाचे संबोधन मिळाले.

९. समारोप

या विवेचनातून तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने तीन गोष्टी हाती येतात असे वाटते. इंग्रजी क्रियापदाने प्राप्ती आणि पात्रता एकत्र बांधल्या. मराठी क्रियापदाने श्रम आणि वस्तूचे रूपांतर एकत्र बांधले. वसाहतकाळात वेतन, मजुरी, उत्पन्न यांची नवी भाषा घडत गेली, तेव्हा 'कमावणे' हा शब्द इंग्रजी क्रियापदाच्या समोर ठेवला गेला. या देवाणघेवाणीत त्याचा पैशाचा अर्थ ठळक झाला, तर रूपांतराचा अर्थ कातडे, शरीर, आवाज अशा मोजक्या प्रयोगांत उरला. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्रियापदाची निवड ही हक्काची निवड असते. बलुतेदार मागतो की कमावतो, अधिकारी स्वतः कमावतो की त्याचे कुटुंब, घरात राबणारी स्त्री कमावते की नाही, या प्रश्नांची उत्तरे कायद्याने दिली खरी. परंतु ते प्रश्न प्रथम भाषेत उभे राहिले.

भाषांतरकाराच्या वाट्याला यातून एक व्यावहारिक शिस्त येते. 'अर्न' समोर आले, की श्रम कोणाचे, कशावर झाले आणि फळ कोणाच्या नावावर मांडले गेले, हे त्याने आधी पाहावे. वाक्यात पात्रतेचा भाव प्रबळ असेल, तर वर्गातील विद्यार्थिनीने केले तसे 'हक्क' या शब्दाकडे वळण्यास त्याने संकोचू नये. आणि मूळ मराठी संहितेत 'कमावणे' आले असता ते इंग्रजीत नेताना पैशाचा व्यवहार गृहीत धरू नये. तेथे कदाचित चुन्याच्या पाण्यात हात घालून बसलेला एखादा माणूस असेल, आणि आपल्या भाषांतरात त्याचे काम दिसले पाहिजे.